डब्याबरोबर प्रश्नांचा कागदही हवा

आपल्या मंडळाच्या मदत समितीच्या एका कामाला कुणी नावे ठेवू शकणार नाही. कुणाकडे ऑपरेशन झाले की दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू होतो. सोमवारी वरण-भात कोण देणार, गुरुवारी मऊ पोळ्या कोण करणार, कुणाला लसूण चालत नाही, हे सारे फोनवर ठरते आणि बिनबोभाट पार पडते. डबा देताना दारातच विचारपूस होते. टाके काढले का? जखम भरली का? ताप नाही ना? जेवण जाते का?

चारही प्रश्न योग्यच आहेत. पाचवा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. "जिथे कापलं तिथे आत आग होते का? मुंग्या येतात का? ब्लाउजचं कापड नुसतं घासलं तरी चटका बसल्यासारखं होतं का?"

हा प्रश्न ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी विचारला तरी चालेल, पण त्याची खरी वेळ ऑपरेशनच्या आधीची आहे. शरीराचा एखादा भाग पुन्हा घडवण्याची जी शस्त्रक्रिया असते, म्हणजे रिकन्स्ट्रक्टिव्ह प्लॅस्टिक सर्जरी, तिच्यानंतर उरणारे मज्जातंतूंचे दुखणे हा नशिबाचा भोग नाही. ते सगळे टाळता येत नाही, पण त्यातले काही टाळता येते किंवा कमी करता येते. त्यासाठी करायच्या बऱ्याचशा गोष्टी ऑपरेशनच्या आधी आणि ऑपरेशनच्या टेबलावर होतात. म्हणून त्याबद्दल आधी विचारणे हे पेशंटइतकेच घरच्यांचे आणि मंडळाचेही काम आहे, असे माझे मत आहे. ते पटवून देण्यासाठी हा लेख.

आधीच सांगून ठेवते, माझ्या नावामागचे 'डॉक्टर' हे रसायनशास्त्रातले आहे. गणपतीच्या आरतीनंतर माझ्या हातात रक्ताचे रिपोर्ट देणाऱ्या काकामंडळींना हे अजून पटलेले नाही, पण मला साधी खोकल्याची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. कुणी काय उपचार घ्यावेत हे मी सांगणार नाही. डॉक्टरांना काय विचारावे, एवढेच सांगणार आहे.

प्लॅस्टिक सर्जरी म्हटले की आपल्याला सिनेनट्यांची नाके आठवतात. खरे तर या शास्त्राची एक मोठी गोष्ट आपल्या पुण्याची आहे. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली. ती पद्धत अभ्यासून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसेच ऑपरेशन केले. गेलेले परत घडवणे हा या शस्त्रक्रियेचा मूळ उद्देश आहे, शोभा नंतरची.

आपल्या घरांत ही शस्त्रक्रिया आज कोणत्या वाटेने येते? सर्वांत जास्त, स्तनाच्या कर्करोगानंतर. स्तन काढला की त्याच वेळी किंवा नंतर तो इम्प्लांट घालून, नाहीतर पोटाची किंवा पाठीची कातडी, चरबी, कधी स्नायू वापरून पुन्हा घडवतात. त्याशिवाय भाजल्यावर, गाडीच्या अपघातात हात चेंगरल्यावर, मधुमेहामुळे पायाची जखम चिघळल्यावर. इथे अमेरिकेत १९९८ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार, जो आरोग्य विमा स्तन काढण्याचा खर्च देतो, त्याने स्तन पुन्हा घडवण्याचा, दुसरी बाजू जुळती करण्याचा आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीवरील उपचारांचाही खर्च दिला पाहिजे. "हे हौसेचं आहे, विमा देणार नाही" असे समजून गप्प बसलेल्या दोन बायका मला आपल्याच मंडळात भेटल्या, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता मुख्य विषय. बोलताना आपण 'नस' म्हणतो, पण नस म्हणजे रक्ताचीही आणि संवेदनेचीही. इथे संवेदनेची, म्हणजे मज्जातंतू. कातडी आणि स्नायू कापताना त्यातले बारीक मज्जातंतू कापले जातात, ताणले जातात किंवा टाक्यात आणि व्रणात अडकतात. स्तनाच्या आणि काखेच्या ऑपरेशनात बरगड्यांमधून येणारे तंतू वाटेत असतात. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारा एक तंतू तर काखेतल्या गाठी काढताना हमखास आडवा येतो. पोटाची कातडी घेतली तर पोटावरचे तंतूही दुखावतात.

कापलेला मज्जातंतू मेलेला नसतो. त्याचे टोक पुन्हा वाढू पाहते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कुंडीतल्या दोडक्याची वेल जशी आधार शोधत लोंबते, तसे ते टोक वाट शोधत असते. वाट सापडली तर ठीक. नाही सापडली तर ते स्वतःभोवतीच गुंतत जाते आणि त्याची गाठ होते. तिला न्यूरोमा म्हणतात. ही गाठ कुणी हात न लावताही मेंदूकडे निरोप पाठवत राहते, "इथे आग लागली आहे." असे निरोप महिनोन् महिने गेले की पाठीचा कणा आणि मेंदू हळवे होऊन बसतात, आणि मग पदराचा स्पर्श, गाडीचा सीटबेल्ट, नळाचे थंड पाणी यांनीही कळ उठते. बाहेरची जखम मात्र सुंदर भरलेली असते. त्यामुळे बघणाऱ्याला वाटते, "हिचं काहीतरी मानसिकच असणार."

हे मानसिक नाही आणि दुर्मीळही नाही. डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या ३,२५३ स्त्रियांना दोन-तीन वर्षांनी विचारले, तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४७ टक्के स्त्रियांना अजून दुखत होते, आणि दुखणाऱ्यांपैकी १३ टक्के स्त्रियांचे दुखणे तीव्र होते. स्तन पुन्हा घडवणाऱ्या शस्त्रक्रियेपुरता तो अभ्यास नव्हता, पण ज्या तंतूंबद्दल आपण बोलतो आहोत ते तेच आहेत. तरुण स्त्रियांमध्ये, काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्यांमध्ये आणि किरणोपचार घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते. म्हणजे हा आजींचा विषय नाही, तुमच्या-माझ्या वयाच्या बायकांचा आहे.

मग टाळण्यासाठी काय करता येते? तीन टप्पे धरू.

पहिला टप्पा सर्जनच्या हातातला. कोणता तंतू कुठून जातो हे पाहून तो शक्य तिथे वाचवणे. आजाराच्या दृष्टीने चालत असेल तिथे काखेतल्या सगळ्या गाठी न काढता आधी एक-दोन पहारेकरी गाठी तपासणे. आणि मोठा तंतू कापावाच लागला, तर त्याचे टोक तसेच लोंबते न सोडणे. या शेवटच्या बाबतीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठी प्रगती झाली आहे, मुख्यतः हात किंवा पाय काढावा लागलेल्यांसाठी. शिकागोत डॉ. ग्रेगरी ड्युमेनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापलेल्या तंतूचे टोक जवळच्या स्नायूच्या छोट्या तंतूला जोडायला सुरुवात केली. मूळ हेतू कृत्रिम हात चालवता यावा हा होता. दुखणेही कमी होते हे नंतर लक्षात आले. मिशिगन विद्यापीठात दुसरी युक्ती निघाली. त्याच माणसाच्या स्नायूचा छोटा तुकडा घेऊन तो तंतूच्या टोकाभोवती गुंडाळायचा, म्हणजे वेलीला मांडव मिळतो. तिथल्या २०१९ च्या एका अभ्यासात अवयव काढतानाच असा मांडव घातलेल्या ४५ जणांत दुखरी गाठ एकालाही झाली नाही. न घातलेल्या ४५ जणांत ती ६ जणांना झाली. नसलेल्या पायात कळा येणे, ज्याला आपण भुताटकीचे दुखणे म्हणू, ते पहिल्या गटात ५१ टक्के होते आणि दुसऱ्यात ९१ टक्के. हा अभ्यास लहान आहे आणि जुन्या नोंदी तपासून केलेला आहे, म्हणून त्यावर देव्हारा उभारू नये. पण ज्यांच्या घरी मधुमेहामुळे पाय काढण्याची वेळ आली आहे, त्यांनी "तंतूच्या टोकाचं काय करणार?" हे विचारायलाच हवे, एवढे वजन त्यात नक्की आहे.

दुसरा टप्पा भूलतज्ज्ञाच्या हातातला, आणि इथे माझ्यातली रसायनवाली जागी होते. तंतूतून निरोप जातो तो सोडियमचे कण आत शिरून. दाताच्या डॉक्टरांकडे जे इंजेक्शन मिळते, ते लिडोकेन सोडियमची ही दारे बंद करते. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते बनवले. त्याच घराण्यातली, जास्त तास टिकणारी औषधे मोठ्या तंतूंभोवती सोडली की तो भाग बधिर होतो. याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. पूर्ण भूल दिलेल्या माणसाला ऑपरेशन कळत नाही, पण त्याच्या पाठीच्या कण्याला निरोप पोचतच असतात. ब्लॉक ते निरोप वाटेतच अडवतो.

यामुळे पुढचे कायमचे दुखणे टळते का? इथे प्रामाणिक असले पाहिजे. २०१८ मध्ये कॉक्रेन संस्थेने अनेक चाचण्या एकत्र पाहून सांगितले की स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनात असा ब्लॉक दिला, तर सुमारे सात स्त्रियांमागे एकीचे टिकून राहणारे दुखणे टळते. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये दोन हजारांहून अधिक स्त्रियांची एक मोठी चाचणी आली. तीत सहा महिन्यांनी जखमेच्या जागी दुखण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, निम्म्याहून थोडे अधिक निघाले. म्हणजे निकाल अजून लागलेला नाही. तरीही ब्लॉकमुळे पहिले एक-दोन दिवस सुसह्य जातात, आणि ज्यांना पहिल्या दिवसांत फार दुखते त्यांचे दुखणे पुढे रेंगाळण्याची शक्यता अधिक असते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा "ब्लॉक द्याच" असा हट्ट नको. "माझ्यासाठी ब्लॉकचा विचार केला आहे का?" हे विचारावे.

गोळ्यांबद्दलही असेच. ऑपरेशनच्या आधी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन घेतले की पुढचे दुखणे टळते, असे बरीच वर्षे मानले गेले. २०२० मध्ये २८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. फायदा नाममात्र निघाला, आणि चक्कर व दृष्टी धूसर होण्याचे त्रास वाढलेले दिसले. वृद्धांमध्ये आणि अफूवर्गीय गोळ्यांसोबत या औषधांनी श्वास मंदावू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. दुखणे जडल्यानंतर उपचार म्हणून त्यांना जागा आहे, पण शेजारणीच्या कपाटातली गोळी "आधीच घेऊन ठेव" म्हणून देण्याची ही वस्तू नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुझेट्रिजिन या नव्या औषधाला इथे मंजुरी मिळाली. ते दुखण्याचा निरोप नेणाऱ्या तंतूंमधले सोडियमचे एक विशिष्ट दार अडवते आणि अफूच्या जातीचे नाही. त्याच्या मुख्य चाचण्यांपैकी एक पोटाच्या प्लॅस्टिक सर्जरीवरच झाली. रसायनशास्त्राची माणसे त्यावर खूश आहेत, मीही आहे. पण त्याची मंजुरी ऑपरेशननंतरच्या तात्पुरत्या दुखण्यासाठी आहे, कायमचे दुखणे टाळण्यासाठी नाही.

तिसरा टप्पा आपल्या घरातला, आणि इथे आपण सर्वांत कमी पडतो.

पहिली गोष्ट बी-१२ जीवनसत्त्व. आपल्यातली कित्येक घरे शाकाहारी. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणारी मंडळी बरीच, आणि मेटफॉर्मिननेही बी-१२ उतरते. बी-१२ कमी असेल तर मज्जातंतूंचे आवरण आधीच कमकुवत झालेले असते. भूल देताना कधी कधी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला हास्यवायू वापरतात. बी-१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो. हा वायू त्या अणूचे ऑक्सिडीकरण करून जीवनसत्त्व निकामी करतो. निरोगी माणसाला थोड्या वेळाने काही होत नाही, पण बी-१२ ची आधीच वानवा असेल तर ऑपरेशननंतर काही दिवसांनी, आठवड्यांनी हातापायांत मुंग्या आणि चालण्यात तोल जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते. बी-१२ भरून काढल्याने जखमेजवळचे दुखणे टळते असे मी म्हणत नाही. पण ऑपरेशनची तारीख ठरली की रक्तातले बी-१२ तपासून घ्यावे का, हे विचारणे शाकाहारी घराला अगदी शोभेल. एक साधी रक्ततपासणी आहे.

दुसरी गोष्ट तंबाखू. "स्मोकिंग करता का?" या प्रश्नाला आपल्या आया-सासवा मान उडवून "नाही" म्हणतात, आणि ट्रंकेत मशेरीची डबी असते. निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात आणि जोडलेली कातडी मरू शकते. मग पुन्हा ऑपरेशन, म्हणजे पुन्हा तेच तंतू दुखावणार. मशेरीचे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. तसेच हळदीच्या, लसणीच्या कॅप्सूल, काढे आणि भस्मे यांचेही. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे एकपंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक सापडले. शिसे आणि अर्सेनिक मज्जातंतूंचे शत्रू आहेत. मज्जातंतूच्या दुखण्यावर न तपासलेले भस्म घेणे म्हणजे आगीवर रॉकेल ओतणे.

तिसरी गोष्ट गोळ्या वाचवण्याची आपली सवय. "अगदीच सहन होईना तेव्हाच घेते, उगाच सवय लागायची." अफूवर्गीय गोळ्यांची भीती खरी आहे. या देशाने त्यांच्यापायी काय भोगले ते आपण पाहिले. पण डॉक्टर साधारणपणे दोन तऱ्हेच्या गोळ्या देतात. टायलेनॉलसारखी घड्याळाप्रमाणे घ्यायची, आणि जड गोळी लागली तरच घ्यायची. पहिलीची सवय लागत नाही. ती वेळेवर घेतली तर दुसरीची गरज कमी होते. आपण करतो ते नेमके उलट. पहिली टाळतो, मध्यरात्री कळवळतो आणि मग दुसरी घेतो. एक खबरदारी मात्र हवी. काही जड गोळ्यांत टायलेनॉल आधीच मिसळलेले असते, तेव्हा एकूण मात्रा फार्मसिस्टकडून मोजून घ्यावी. यकृताला जास्तीची मात्रा सोसत नाही.

चौथी गोष्ट भाषेची. दुखण्याला मराठीत जितके शब्द आहेत तितके मला इंग्रजीत सापडलेले नाहीत. ठणका, कळ, चमक, सणक, आग, जळजळ, मुंग्या, बधिरपणा, टोचणी. यातले बरेच डॉक्टरांच्या थेट उपयोगाचे आहेत. नुसता ठणका असेल तर बहुधा जखमेची सूज. पण आग, करंट बसल्यासारखी चमक, मुंग्या, टाचण्या टोचणे, बधिर जागेतच दुखणे, हे मज्जातंतूचे बोलणे असते. आणि इस्पितळात या सगळ्याचे होते काय? आपल्या मदत समितीने सोबत केलेल्या एका काकूंनी छाती-काखेत "जळजळ" होते म्हणून सांगितले. मुलाने घाईत भाषांतर केले, "ॲसिडिटी आहे." काकू चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होत्या. मुलाचा दोष नाही. आईच्या छातीबद्दल डॉक्टरांशी बोलायला तो अवघडला होता, आणि तीही त्याच्यासमोर अर्धेच बोलली. म्हणून इस्पितळाचा दुभाषा मागावा. सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळांना तो फुकट द्यावा लागतो, आणि मराठी दुभाषा फोनवरही मिळू शकतो. "हिंदी चालेल" असे म्हणून संकोचू नका. दुखणे मराठीत असेल तर ते मराठीतच सांगा.

यावर मला उत्तरे ठाऊक आहेत. "सर्जनला असं विचारलं तर त्यांना राग नाही का येणार?" चांगल्या सर्जनला येत नाही. उलट पेशंट आधी बोलला तर त्यांचे काम सोपे होते. "कॅन्सर गेला हे काय थोडं आहे? तक्रारी कसल्या करायच्या?" हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकले आहे, आणि तेच सर्वांत जास्त नुकसान करते. जीव वाचल्याची कृतज्ञता आणि दुखण्याची तक्रार एकाच माणसाच्या मनात राहू शकतात. आपल्याकडे सोसणाऱ्या बाईचे कौतुक होते. तिच्या सोसण्यातून घरच्यांची सोय होते, हे आपण बोलत नाही. हात वर जात नाही म्हणून फळीवरचा डबा काढता येत नाही, रात्री कुशीवर झोपता येत नाही, नातवंडाला छातीशी धरता येत नाही. इतके सगळे "थोडंसं दुखतं" या दोन शब्दांत मावते आणि विषय संपतो.

लवकर सांगितले तर बरेच करता येते. वैद्यकात तीन महिन्यांपुढे टिकलेल्या दुखण्याला जुनाट मानतात, पण तोपर्यंत थांबायचे कारण नाही. जखम भरली आणि परवानगी मिळाली की थेरपिस्ट खांद्याचे व्यायाम देतात, व्रणाला मालीश शिकवतात आणि हळव्या कातडीला स्पर्शाची पुन्हा सवय लावतात. आधी कापूस, मग जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा, मग खादी, मग टॉवेल, असे रोज थोडे थोडे. औषधांत लिडोकेनची पट्टी आहे, मिरचीतल्या तिखटाची म्हणजे कॅप्सेसिनची पट्टी आहे. काही गोळ्या मुळात नैराश्यासाठी निघालेल्या आहेत. बाटलीवरचे नाव शोधून "ही तर वेडाची गोळी" म्हणून ती बंद करू नका. मज्जातंतूचा निरोप दाबणारी काही रसायने आणि मनाच्या औषधातली रसायने एकच आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

तेव्हा मंडळासमोर माझी सूचना आहे. डब्यांच्या यादीला आणखी एक रकाना जोडावा: ऑपरेशनच्या आधीच्या भेटीला सोबत कोण जाणार. सोबत जाणाऱ्याने डॉक्टर बनायचे नाही, वही घेऊन बसायचे आणि खालचे प्रश्न विचारले गेले की नाही ते पाहायचे. हा भाग कापून फ्रिजवर लावावा.

१. या ऑपरेशनात कोणते मज्जातंतू कापले किंवा ताणले जाऊ शकतात? त्यांतले कोणते वाचवता येतील?

२. एखादा मोठा तंतू कापावाच लागला तर त्याच्या टोकाचे काय करणार?

३. नर्व्ह ब्लॉक देणार का? तो किती तास टिकेल आणि उतरायच्या आधी कोणती गोळी घ्यायची? हास्यवायू वापरणार का?

४. घरी कोणती गोळी घड्याळाप्रमाणे, कोणती लागली तरच, आणि कधी बंद करायची?

५. आग, मुंग्या किंवा करंट बसल्यासारखे वाटू लागले तर फोन कुणाला करायचा? थेरपिस्टकडे किंवा दुखण्याच्या तज्ज्ञाकडे केव्हा पाठवणार?

६. आपण न विसरता सांगायचे: मधुमेह, बी-१२, पाठीचे किंवा डोक्याचे जुने दुखणे, मशेरी-तंबाखू, सगळ्या गोळ्या, काढे आणि कॅप्सूल.

हे प्रश्न विचारले म्हणजे दुखणे येणारच नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण न विचारल्यामुळे ज्यांचे दुखणे वाढले, अशी माणसे आपल्यात आहेत, आणि ती कोजागिरीला आपल्या शेजारी बसून हसतमुखाने दूध पितात.

ज्यांनी अशी शस्त्रक्रिया अनुभवली आहे आणि ज्यांची बोलायची तयारी आहे, त्यांनी मदत समितीला कळवावे. नाव छापले जाणार नाही. पुढे ज्यांची पाळी येईल त्यांना तुमच्याशी अर्धा तास फोनवर बोलता आले, तर तो आमच्या डब्याइतकाच उपयोगी पडेल. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा रकाना मंजूर व्हावा अशी विनंती आहे. सोबत जाणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव माझे लिहून घ्यावे. शनिवार-रविवार सोडून, कारण तेव्हा मराठी शाळा असते.

— मदत समितीची एक सभासद